केबिनच्या दारातून पाणी येतं तेव्हा: नाशिकच्या जलाशयांवर बोट सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

केबिनमध्ये पाणी दिसलं की नवखा माणूस आधी हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि सिलिकॉनची नळी घेऊन येतो. दाराभोवती जिथे फट दिसेल तिथे ती भरतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा येतं, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त येतं. चौकटीत शिरलेलं पाणी ज्या बारीक वाटांनी बाहेर पडत होतं, त्याच वाटा त्याने बुजवलेल्या असतात. दार आणि चौकटीच्या मधून थोडं पाणी शिरणारच, हे धरूनच चांगलं दार बनवलेलं असतं. शिरलेल्या पाण्याला उंबरठ्यावरून मुकाट्याने बाहेर काढून देणं हे मुख्य काम. रबर आणि सिलंट त्यानंतर.

गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा अशा जलाशयांवर केबिन असलेली लहान बोट सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नोंदणी आणि परवानगीचा विषय वेगळा आहे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आल्यापासून यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणी दोन्ही लागतात, म्हणून चौकट किंवा उंबरठा कापून मोठा फेरफार करायचा असेल तर तपासणी करणाऱ्याला आधी विचारा. इथे सांगितलेली बाकीची कामं मात्र हाताला थोडी सवय असलेला कोणीही करू शकतो.

आधी इथलं हवामान समजून घ्या

समुद्रावरच्या बोटींसाठीच्या सूचनांमध्ये डेकवर चढणारी लाट आणि खारे तुषार यांचा विचार असतो. आपल्याकडे तो त्रास फारसा नाही. आपल्या केबिनमध्ये येतं ते पावसाचं पाणी, वाऱ्याने दारावर दाबून धरलेलं. जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून असतो. पुढच्या टोकाला एकाच दोराने नांगरलेली बोट आपसूक वाऱ्याकडे तोंड करून राहते, त्यामुळे मागच्या बाजूचं केबिनचं दार आडोशाला जातं. जेटीला दोन्ही टोकांनी बांधलेली बोट अशी वळू शकत नाही. तिचं दार पश्चिमेला आलं तर पावसाळाभर तेच मारा खाणार. तेव्हा जूनच्या आधी बोट फिरवून तोंड पश्चिमेकडे येईल अशी बांधा. फुकटातला उपाय आहे आणि अर्धी तक्रार तिथेच मिटते.

वळवाचा पाऊस मात्र हा नियम पाळत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ढग दाटून येतात, वावटळ उठते आणि पाऊस कोणत्याही दिशेने आडवा येतो. ऑगस्टमध्ये कोरडी राहिलेली केबिन मेमध्ये गळते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. दार बिघडलं असं लगेच समजू नका.

दुसरी गोष्ट लाकडाची. नाशिकचा उन्हाळा कोरडा, पारा चाळिशीला टेकतो आणि फळ्या आक्रसतात. पावसाळ्यात त्याच फळ्या फुगतात. मे महिन्यात अगदी टाईट बसवलेलं लाकडी दार जुलैमध्ये उघडत नाही, आणि जुलैमध्ये रंधा मारून मोकळं केलेलं दार पुढच्या एप्रिलमध्ये फट दाखवतं. म्हणून लाकडी दार असेल तर त्याची फट दोन्ही ऋतूंत मोजून लिहून ठेवा. रबर निवडताना हे दोन आकडे लागतील. नवीन दार करून घ्यायचं असेल तर सुताराकडून आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय मागा आणि कापलेल्या कडांना आधी इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पाजून घ्या. प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

तिसरी गोष्ट समुद्रावरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. धरणाचं पाणी उन्हाळ्यात झपाट्याने उतरतं. शेतीची आवर्तनं सुटतात, शहराचा उपसा चालू असतो, आणि काठाजवळ बांधलेली बोट एका सकाळी उतारावर, चिखलात एका कुशीवर बसलेली सापडते. बोटीचं सगळं वजन दोन-तीन टेकूंवर आलं की तिचं अंग पिळतं, अंगाबरोबर चौकट पिळते आणि दार अडकायला लागतं. अशा वेळी रंधा हातात घेऊ नका. बोट तरंगू द्या, मग दार तपासा. जुनी बोट मुंबईकडून ट्रेलरवर कसारा घाट चढून आली असेल तरी हाच नियम: पाण्यात उतरवून एक-दोन दिवस जाऊ द्या, मगच चौकटीचं माप घ्या.

पाणी नेमकं कुठून येतंय?

या पायरीवर घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे वेळ द्या.

आधी खात्री करा की ते बाहेरचं पाणी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. रात्री केबिनमध्ये माणसं झोपली असतील, चहा झाला असेल, तर आतली वाफ थंड काचेवर आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर दवासारखी जमते आणि ओघळून उंबरठ्यावर साचते. दिसायला अगदी गळतीच. ओळखायची पद्धत सोपी आहे. चौकटीच्या आतल्या बाजूला, कोरड्या जागी, तळहाताएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने लावा. सकाळी फॉइलच्या तुमच्याकडच्या अंगाला ओल असेल तर ती हवेतली वाफ आहे, आणि फॉइल व चौकट यांच्यामध्ये ओल असेल तर पाणी मागून पाझरतंय. वाफेला सिलंटचा काही उपयोग नाही. वरच्या बाजूला एक जाळीची खिडकी रात्रभर उघडी ठेवली की ती जाते.

बाहेरचंच पाणी असेल तर पाइप लावून बघा. दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च आणि जुने वर्तमानपत्राचे कागद घेऊन, दुसरा बाहेर बागेला पाणी घालायचा पाइप घेऊन. गाड्या धुवायचा प्रेशर पंप वापरू नका, तो चांगल्या दारातूनही पाणी आत घालतो आणि तुमची दिशाभूल करतो. दाराभोवतीचं आतलं सगळं पुसून कोरडं करा, चौकटीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवा. मग बाहेरच्या माणसाने अगदी खालपासून सुरुवात करायची: आधी उंबरठा आणि डेक जिथे मिळतात तो सांधा, चार-पाच मिनिटं. आत काही आलं नाही तर उंबरठ्याचे दोन कोपरे. मग चौकटीच्या उभ्या बाजू, खालून वर, एका वेळी हातभर. शेवटी वरची आडवी चौकट, आणि त्याहून शेवटी दाराच्या वरचं छप्पर. वरून सुरुवात केलीत तर पाणी खाली ओघळत सगळे सांधे एकदम भिजवतं आणि कोणत्या सांध्यातून आलं ते कळत नाही.

आतल्या माणसाने डोळा ठेवायचा तो पावडरवर. पाण्याचा पहिला थेंब पावडरमधून काळसर वाट काढत येतो, आणि ती वाट उलटी पकडून मागे जाता येतं. थेंब जिथे टपकतो तिथेच गळती असते असं नाही. वरच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी चौकटीच्या पोकळीतून खाली येऊन बिजागरीच्या स्क्रूपाशी बाहेर पडतं आणि बिचाऱ्या बिजागरीवर आळ येतो. दाराच्या वर हँडरेल, दिवा किंवा वायरचं भोक असेल तर ते वेगळं तपासा. दारातून गळतंय म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये अशा भोकांचा वाटा मोठा असतो.

जे सापडेल ते मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून तिथल्या तिथे खूण करून ठेवा आणि फोटो काढा. कोरडं झाल्यावर काहीच आठवत नाही.

चौकट आणि केबिनची भिंत

गळती चौकटीच्या मागून येत असेल तर बाहेरून सिलंटची रेघ ओढून भागत नाही. चौकट काढावीच लागते. ऐकायला मोठं वाटतं, पण लहान दाराची चौकट दोघांचं एका दिवसाचं काम आहे. स्क्रू काढा, जुन्या सिलंटमध्ये पातळ पत्र्याची पट्टी घालून हळूहळू मोकळी करा. पहारीने उचकटू नका, फायबरची कड तुटते.

चौकट निघाली की भिंतीची कापलेली कड हाताने चाचपा. फायबरच्या बोटीत केबिनची भिंत आणि डेक बऱ्याचदा एकसंध फायबरचे नसतात. दोन पातळ थरांमध्ये प्लाय किंवा बाल्सा लाकूड भरलेलं असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून हे आतलं लाकूड कुजतं, आणि वरून काहीच दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. कड काळी, मऊ लागली तर तेवढं लाकूड आकड्याने खरवडून काढा, पूर्ण वाळू द्या (हे काम उन्हाळ्यातच करायचं ते यासाठी), आणि पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा.

स्क्रूच्या भोकांचंही असंच करायचं. समजा स्क्रू ५ मिलिमीटरचा आहे. भोक आधी १० मिलिमीटरचं करा, मागून टेप लावून इपॉक्सीने भरा, दुसऱ्या दिवशी त्या घट्ट झालेल्या गोळीच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं भोक पाडा. आता पाणी स्क्रूपर्यंत पोचलं तरी आतल्या लाकडाला लागत नाही. भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने किंचित वाटी करा. चौकट बसवताना त्या वाटीत सिलंट साचतं आणि स्क्रूभोवती रबरी कडं तयार होतं. एवढ्याशा वाटीने जे होतं ते नळीभर सिलंट वर थापून होत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. आपल्या गोड्या पाण्याला ३०४ ग्रेड पुरतो. बोट पुढे समुद्रावर न्यायची असेल तरच ३१६चा खर्च करा.

सिलंट कोणतं? चौकटीसाठी माझं मत पॉलियुरेथेनच्या बाजूने आहे. फायबर, लाकूड, रंगवलेला धातू सगळ्यांना धरतं आणि वर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि एकदा ते फायबरला लागलं की त्याचा तेलकट थर पुसून काढणं जिकिरीचं होतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर धातूलाही गंजवतं. पण दारात ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची काच असेल तर तिथे न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. पॉलिसल्फाइड जातीचं सिलंट त्या प्लास्टिकला खातं, आणि काही पॉलियुरेथेनही त्याला चालत नाहीत. पुढे कधी काढावा लागेल असा छोटा भाग, म्हणजे दिवा, हुक, हँडल, ब्यूटाइल टेपवर बसवा. ही टेप कडक होत नाही. उन्हाळ्यात ती थोडी बाहेर ओघळते, तेव्हा जादा भाग कापायचा आणि स्क्रू अर्धा आटा आवळायचा.

चौकट बसवताना सगळे स्क्रू लगेच करकचून आवळू नका. तसं केलं की सिलंट दोन्ही बाजूंनी बाहेर येतं आणि आत कागदाएवढा थर उरतो. बोट हलते, थर फाटतो, पुन्हा गळती. २ ते ३ मिलिमीटर जाडी राहील इतकंच आवळा. जाडी सारखी राहावी म्हणून मध्ये जुन्या रबराचे छोटे तुकडे ठेवता येतात. हे सिलंट हवेतल्या ओलाव्याने वाळतं, साधारण दिवसाला ३ मिलिमीटर. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याहून सावकाश. बाजूला ओलं फडकं टांगून ठेवा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका.

एक कळकळीची विनंती. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. थिनर, ॲसिटोन, इपॉक्सीचे डबे, खरवडलेला रंग यातलं काहीही जलाशयात जाऊ देऊ नका. ही कामं बोट काठावर घेऊनच करा, खाली ताडपत्री अंथरा आणि कचरा बांधून परत न्या.

उंबरठा

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही याच्याकडेच. समुद्रावर जाणाऱ्या जहाजांसाठी १९६६ च्या लोड लाइन कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय कराराने उंबरठ्याची उंची ठरवून दिली आहे. डेकवरच्या बंदिस्त भागांच्या दारांना किमान ३८० मिलिमीटर, आणि मुख्य उघड्या डेकवरून खाली उतरणाऱ्या जिन्याच्या दाराला ६०० मिलिमीटर. आपल्या लहान बोटीला हे आकडे लागू नाहीत, पण डेकवर पाणी साचणार, ते सरकणार, आणि उंबरठा ठेंगणा असेल तर दार कितीही घट्ट असलं तरी एका कलंडण्यात आत येणार, हा विचार तोच आहे. पर्यटकांना, विशेषतः वयस्कर मंडळींना ठेच लागते म्हणून उंबरठा कापून टाकण्याची टूम निघते. कापू नका. बाहेर आणि आत एकेक पायरी ठेवा, धरायला दांडा लावा, कडेला पिवळी पट्टी मारा.

उंबरठ्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. गोटी किंवा लहान छर्रा ठेवून पाहा, तो बाहेर गेला पाहिजे. बोट पाण्यात असताना पाहा, कारण मागे इंजिन आणि डिझेल असलं की बोट मागे झुकते आणि कारखान्यात दिलेला उतार उलटा होऊ शकतो.

ॲल्युमिनियमचं सरकतं दार असेल तर त्याचा ट्रॅक नीट समजून घ्या. ट्रॅकमध्ये पाणी येणारच आहे. ते बाहेर जावं म्हणून बाहेरच्या कडेला छोटी भोकं असतात. तीच धुळीने, शेवाळाने, मेलेल्या चिलटांनी बुजतात, किंवा कोणीतरी गळती समजून सिलिकॉनने बुजवतं. त्यातून वारा. ताशी ६० किलोमीटरचा झोत दारावर जो दाब देतो तो साधारण १७ मिलिमीटर उंच पाण्याच्या वजनाएवढा असतो. म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची १२ मिलिमीटर असेल तर भोकं स्वच्छ असूनही वारा पाण्याला त्या कडेवरून आत ढकलू शकतो. दार लावलेलं, रबर नवं, तरी वळवात ट्रॅक भरून आत सांडतो तो असा. उपाय दोन: आतल्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी सिलंटवर बसवून ती २५ मिलिमीटरपर्यंत उंच करा, आणि बाहेरच्या भोकांवर खालून उघडी राहतील अशी छोटी टोपणं लावा, म्हणजे वारा थेट भोकात घुसणार नाही. भोक ८ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर मोठं करा. बारीक भोकात पाण्याचा थेंब अडकून राहतो आणि खाली पडत नाही.

दाराच्या वरची पन्हाळपट्टी

छपरावरून येणारं पाणी दारापर्यंत पोचूच द्यायचं नाही. कौलारू घराची वळचण भिंतीसाठी जे करते तेच काम दारावर लावलेली एक इंचभर रुंद पट्टी करते. दोन्ही बाजूंना दारापेक्षा निदान ५० मिलिमीटर जास्त लांब ठेवा आणि किंचित एका अंगाला उतरती बसवा. तिच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून बोटाच्या अंतरावर, एक बारीक खाच हवी. खाच नसेल तर पाणी पट्टीच्या खालून चिकटून परत भिंतीकडे येतं. दाराच्या खालच्या कडेलाही अशीच पट्टी आणि अशीच खाच लावा.

दार सरळ बसतं का

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन मापांत लहान दाराला ३ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर चौकट पिळलेली आहे. रबर लावून ती सरळ होत नाही, मागे पातळ चकत्या घालून दुरुस्त करावी लागते. बिजागरीचा खिळा झिजला असेल तर बिजागरी बदला. मग कागदाची चाचणी: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. असं दर वितीवर, चारी बाजूंनी. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. जिथे पट्टी सुळकन निघते तिथे दाब नाही, जिथे फाटते तिथे दार चौकटीला आधीच टेकलंय. धातूच्या जाड दाराला खडू वापरा. चौकटीच्या धारेला खडू घासून दार लावून उघडा, रबरावर अखंड पांढरी रेघ उमटायला हवी. रेघ तुटते तिथे पाणी येतं. मोठ्या जहाजांवर आजही खडू वापरतात.

रबर

आता रबराची पाळी. कोणत्या जाडीचं घ्यायचं हे अंदाजाने ठरवू नका. कणकेच्या छोट्या गोळ्या करा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावून चौकटीवर ठिकठिकाणी चिकटवा, दार कडीसकट लावा आणि उघडा. दबलेल्या गोळीची जाडी म्हणजे तिथली खरी फट. समजा ती कुठे ८ तर कुठे १० मिलिमीटर आली. स्पंजी रबर आपल्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दाबलं गेलं पाहिजे, म्हणजे इथे १२ ते १५ मिलिमीटर जाडीची पट्टी. त्याहून जाड घेतलीत तर दार लागणार नाही, लोक लाथ मारून लावतील आणि बिजागरी वाकेल. लाकडी दार असेल तर इथेच तुमचे मे आणि जुलैचे दोन आकडे बघा. दोन्हींमध्ये बसेल अशी पोकळ, फुग्यासारख्या काटाची (कापल्यावर दिसणाऱ्या आकाराची) पट्टी निवडा, तिला जास्त फरक सोसतो.

स्पंज घ्याल तो बंद छिद्रांचाच. दुकानात तुकडा पाण्यात बुडवून पिळून पाहा, पाणी निघालं तर तो ठेवून द्या. उन्हातल्या दाराला ईपीडीएम जातीचं रबर चांगलं, ऊन आणि ओझोन त्याला चालतो. मात्र डिझेल, ऑइल, ग्रीस यांनी ते फुगतं. इंजिनाच्या खोलीच्या दाराला म्हणूनच निओप्रीन लावा. सोफ्याच्या फोमसारखी स्वस्त चिकट पट्टी एक उन्हाळाही काढत नाही. नाशिकमध्ये या मालाची अडचण नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे गाड्यांच्या आणि बसच्या दारांचं बीडिंग इथे नाना काटांत मिळतं. पत्र्याच्या कडेवर दाबून बसणारं, आत तारेचा कणा असलेलं बीडिंग मागितलंत तर ते बऱ्याच फायबर दारांना थेट बसतं.

चिकटवण्याआधी खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टी ओढून ताणून लावू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत मूळ लांबीवर येतं आणि टोकांना बोटभर फट पडते. उलट हातभर लांबीमागे किंचित दाबत, सैल हाताने बसवा. कोपऱ्यात चार तुकडे जोडण्यापेक्षा एकच सलग पट्टी गोलाईत वळवणं बरं. वळत नसेल तर ४५ अंशांत धारदार पात्याने कापून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडा. सुरुवात आणि शेवट जिथे मिळतात तो सांधा खाली उंबरठ्यावर ठेवू नका, तिथे पाणी थांबतं. तो वर, पन्हाळपट्टीच्या आडोशाला मध्यावर घ्या.

रंगकाम करताना रबरावर टेप लावा. रंग लागलेलं रबर कडक होऊन तडकतं, आणि दरवर्षी रंग देणाऱ्या बोटींची रबरं सर्वांत आधी जातात ती यामुळे.

कड्या

रबर स्वतःहून दाबलं जात नाही, कडी ते दाबते. मध्यभागी एकच लॅच असलेलं उंच दार वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात उघडं राहतं, आणि पाणी नेमकं तिथूनच येतं. वर आणि खाली, निदान दोन ठिकाणी ओढून आवळणारी कडी हवी. नुसती अडकवायची नाही, मूठ फिरवली की कॅमने दार आत खेचून घेणारी. पण आवळायचं तेवढंच, जेवढ्यात कागद सरकत नाही. बोट आठवडाभर उभी राहणार असेल आणि पावसाचं चिन्ह नसेल तर कड्या सैल करून ठेवा. सतत दाबलेलं रबर चपटं होऊन तसंच राहतं.

दार बंद आहे हे बघूनच निघायची सवय लावून घ्या. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी पुढची दारं उघडी असतानाच निघाली, काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ माणसं गेली. दारं ठणठणीत होती. ती लावली आहेत का हे निघण्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. आपल्या बोटीवरही निघताना दारांची नावं मोठ्याने घेऊन प्रत्येकाच्या कडीला हात लावायचा, जलाशय शांत असला तरी.

दाराऐवजी खाचेत वरून सरकवायच्या फळ्या असतील तर रबराची गरज जवळजवळ नाही. दोन फळ्यांचा सांधा सपाट ठेवू नका, वरच्या फळीची कड बाहेरच्या बाजूने खालच्या फळीवर उतरेल असा तिरपा कापा. सगळ्यात खालच्या फळीखालच्या खाचेला बाहेर उघडणारं एक भोक द्या.

वर्षाचं वेळापत्रक

चौकट, इपॉक्सी, सिलंट ही सगळी कामं मार्च-एप्रिलमध्ये. मेमध्ये पाइप लावून पुन्हा तपासणी, आणि त्याच वेळी ट्रॅकची भोकं तार घालून साफ. पावसाळ्यात दर आठवड्याला केबिनच्या फळीखाली हात घालून बघा. दारातून आलेलं पाणी वर पुसलं जातं, पण फळीखाली साचून राहतं, बॅटरीच्या वायरी हिरव्या पडतात आणि प्लाय मागून सडतो. दसऱ्यानंतर ऊन पडलं की दारं पूर्ण उघडून दोन दिवस वाळू द्या, रबर साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोल, डिझेल, खोबरेल यांपैकी काही लावू नका.

कडा चपट्या झालेलं किंवा नख रुतवल्यावर पुन्हा वर न येणारं रबर बदला. नवीन लावताना उरलेला हातभर तुकडा फेकू नका. त्यावर दाराचं नाव आणि महिना लिहून, उन्हापासून दूर, बोटीवरच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी दुकानदाराला हाच काट दाखवायचा, आणि भर पावसात पट्टी कुठे फाटली तर तेवढ्यापुरतं ठिगळ लावायलाही तोच तुकडा हाताशी असतो.